परफेक्ट मास्तरांचा जावई

आमच्या अकोल्याच्या जठारपेठेत धोंडोपंत मास्तरांना "जेवण झालं का?" असं विचारायची सोय नव्हती. मास्तर जागच्या जागी थांबत, पोटावर हात ठेवत आणि उलटा प्रश्न टाकत, "जेवन कवा झालं ते पुसता, का आता पोट भरलं हाये ते पुसता? दोन अलग गोष्टी हायेत!"

मास्तर हायस्कुलात इंग्रजी शिकवत. बाकीचं व्याकरण ते उरकून टाकत. जीव होता तो परफेक्ट टेन्सवर. "काम कालचं, परिनाम आजचा, तो प्रेझेंट परफेक्ट!" हे ते वर्गात सांगत, भाजीबाजारात सांगत. एकदा अर्धी दाढी झाली असताना न्हाव्यालाही सांगितलं. बिचाऱ्याने वस्तरा खाली ठेवून ऐकून घेतलं, कारण मास्तरांची मान हलत होती. शेजारची बादली विहिरीत पडली तेव्हा सगळे गळ शोधत होते आणि मास्तर काठावर उभे राहून दोर आधीच तुटला होता की नंतर तुटला, याची चौकशी करत होते. आधी तुटला असला तर पास्ट परफेक्ट!

लोक हसत. पण साहेबाकडे अर्ज करायचा झाला की तेच लोक मास्तरांच्या ओट्यावर येऊन बसत. वऱ्हाडात तेव्हा इंग्रजीचा दरारा असा, की इंग्रजीतली शिवीसुद्धा आम्ही हात जोडून ऐकत असू.

या परफेक्टपायी घोडं अडलं ते इंदूच्या लग्नाचं. इंदू ही मास्तरांची आईवेगळी, एकुलती एक लेक. लग्नाचं वय उलटून चाललं होतं. इतरांच्या घरी पाहुणे मुलीला चालायला लावत, गायला लावत. इथं मुलगी निवांत बसे आणि घाम फुटे मुलाला. अमरावतीचा एक बी. ए. झालेला कारकून टाय बांधून आला होता. मास्तरांनी पोह्यांची बशी त्याच्या हातात दिली आणि आपण पोहे खाल्ले असल्याचं इंग्रजीत सांगायला लावलं. तो चुकला.

"ज्याले पोहे सांभाळता येत नाईत, तो पोरीले काय सांभाळीन?" मास्तर म्हणाले.

त्यानंतर एक वकील आला. त्याने सगळी उत्तरं बरोबर दिली. मास्तरांचा चेहरा एकदम पडला. मग त्यांनी फ्यूचर परफेक्ट कंटिन्युअस काढला, तेव्हा वकीलसाहेब टोपी घालून उठले. मास्तर मात्र खुलले. शेजारी म्हणून मी दर वेळी हजर असायचो. मला ते खुलणं जरा विचित्रच वाटलं.

शेवटी पातूरचा सदाशिव आला. घरचा भाजीचा मळा, अंगात जाडाभरडा सदरा. मास्तरांनी पहिला प्रश्न टाकताच तो म्हणाला, "मास्तर, मले हे काई येत नाई. वांग्याचं पुसा."

"मंग मॅट्रिक कसे पास झाले?"

"झालोच नाई."

"तं इथं काहून आले?"

"पोरगी पाह्याले!" आतून इंदूचं हसू ऐकू आलं. सदाशिव पुढे म्हणाला, "तुमी शिकवान तं शिकतो. दर बाजाराले माल घेऊन अकोल्याले यावंच लागते. आमी दोघंबी येत जाऊ."

मास्तरांचा चहाचा कप हवेतच राहिला. "दोघंबी?"

"तं काय! पन माहं डोकं जड हाये, आधीच सांगतो. लई वर्सं लागतीन."

मास्तर माझ्याकडे वळून म्हणाले, "पोरगं खरं बोलते हो!" आणि लग्न ठरलं.

मग दर बाजाराच्या दिवशी शिकवणी सुरू झाली. इंदूच्या कडेवर पोर आलं, पण सदाशिव प्रेझेंट परफेक्टच्या पुढे काही सरकेना.

एकदा बाजारात मी त्याला मागून पाहिलं. समोर कुण्या कापूस कंपनीचा गोरा साहेब वांगी हातात घेऊन ताजी आहेत का, विचारत होता. सदाशिव म्हणाला, "आय हॅव जस्ट पिक्ड देम, सर. दे हॅव नॉट ईव्हन सीन द सन!" साहेबाने हसत पाटीच उचलली. मी मात्र थक्क झालो. कारण त्याच संध्याकाळी मास्तरांच्या ओट्यावर हाच माणूस खाली मान घालून म्हणत होता, "आय हॅव वेंट."

"अरे रामा!" मास्तरांनी आनंदाने कपाळावर हात मारला. "पुन्हा पहिल्यापासून!"

दुसऱ्या दिवशी मला राहवलं नाही. म्हटलं, "मास्तर, जावई तुम्हाला बनवतोय. फर्डं इंग्रजी बोलतो तो."

"मालूम हाये मले," मास्तर हळूच म्हणाले. "दिवाळीपासून मालूम हाये. त्याले काई बोलू नका, बरं."

"मग शिकवता कशाला?"

"त्याचं शिकून झालं म्हंजे मंग काहाले येतीन ते? मळ्याची कामं असतात, लेकरू हाये. इंदू येते, चूल पेटते, घरात आवाज होते. बाकी दिवस मी एकटाच असतो हो."

पुढच्या बाजाराला अजून अवकाश होता, तरी मास्तर उठले आणि ओलं फडकं घेऊन फळा पुसायला लागले.