साळू, हळू

बसलात का सगळे? मागच्यांनी ढकलाढकली बंद करा. ती गोष्टीतले प्राणी करणार आहेत, तुम्ही नुसतं ऐकायचं.

तर एका जंगलात पाणवठा एकच होता आणि मोटारसायकली मात्र बेसुमार. पाणवठ्यात गाळ साचला होता, पण तो काढायला कुणाला सवड नव्हती. सगळे शर्यत बघायला गेलेले असायचे.

हंगामभर शर्यती चालायच्या. प्रत्येक शर्यतीचे गुण मिळायचे आणि शेवटी ज्याचे गुण जास्त तो जंगलाचा विजेता. विजेता दिसला की हरणं वाट सोडून उभी राहायची आणि वाघसुद्धा थांबून तब्येत विचारायचा.

याच जंगलात आबासाहेब नावाचा एक गवा होता. त्यांची स्वतःची टीम होती. ते स्वतः कधी मोटारसायकलवर बसले नव्हते, कारण त्यांच्याखाली ती उरायची नाही. पण शर्यत कशी जिंकायची, हे जंगलात सगळ्यात जास्त त्यांनाच कळायचं. हसू नका. तुमच्या ओळखीतही असा एकजण असेलच.

आबासाहेबांच्या टीममध्ये दोन स्वार होते. पहिला ठिपकोजीदादा, म्हणजे बिबट्या. देखणा, नम्र, लागोपाठ विजेता झालेला. तो केसांवरून पंजा फिरवायचा तेव्हा खारी फांदीवरून पडायच्या.

दुसरी साळू. साळू म्हणजे साळिंदर. अंगभर काटे, नाक आखूड आणि स्वभाव तापट. बाकीचे स्वार शर्यतीला चामड्याचा पोशाख घालतात म्हणे. जंगलात तो प्रश्नच नाही, ज्याचं त्याच्या अंगावर असतंच. साळूच्या अंगावर काटे होते, आणि सगळी गंमत त्या काट्यांत होती.

साळू खुशीत असली की काटे पाठीला चापून बसायचे. मग वारा अंगावरून घसरून जायचा आणि तिची गाडी अशी सुटायची, की बघणाऱ्याची मान लचकावी. पण साळूला राग आला की काटे फुलायचे. काटे फुलले की वारा त्यात अडकायचा, आणि पावसात उलटी झालेली छत्री धरून पळावं तशी तिची गत व्हायची.

हे आबासाहेबांनी पहिल्याच हंगामात हेरलं.

ट्रॅकच्या कडेला एक दगडी कठडा होता. त्यावर एक वानर हातात पाटी घेऊन बसायचं. स्वार समोरून गेला की टीमचा हुकूम त्याला पाटीवर दिसायचा. ठिपकोजीदादासाठी पाटीवर ‘शाब्बास’ असायचं. साळूसाठी असायचं, ‘साळू, हळू’.

ती पाटी दिसली की साळूच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. काटे फुलायचे, गाडी मंदावायची आणि दादा बाजूनं अलगद निघून जायचा. जाताना मान तुकवून आभारही मानायचा. त्यानं ती आणखी फुलायची. म्हणजे बघा, हुकूम पाळायचा की नाही हा प्रश्नच येत नव्हता. हुकूम वाचला की तो आपोआप पाळला जायचा.

असा तो हंगाम शेवटच्या शर्यतीपर्यंत आला. एवढ्या पाट्या दाखवूनही साळूचे गुण दादाच्या अगदी मागोमाग होते. शेवटची शर्यत जो जिंकेल तो विजेता, आणि तो या दोघांपैकीच एक होणार होता. नदीपलीकडच्या टीमचा तरस तिसरा होता खरा. पण मागच्या शर्यतीत त्याची चेन निसटली होती आणि त्याआधीच्या शर्यतीत तो स्वतः.

आबासाहेबांनी साळूला बोलावून घेतलं. टीम म्हणजे कुटुंब, असं म्हणाले. कुटुंबात थोरल्याचा मान आधी, असं म्हणाले. तुम्ही दोघं आपसात झुंजलात तर त्या तरसाला फावेल, असंही म्हणाले. दादाच्या चित्राच्या टोप्या जंगलभर शिवून तयार आहेत, हे मात्र ते म्हणाले नाहीत. ते साळूला बाहेरच्या टोप्यांच्या ढिगावरून कळलं होतं.

मग आबासाहेब अगदी मायेनं बोलले. “साळू, तुला दुसरी कोणती टीम घेईल, तूच सांग. दोन शर्यतींत सीट फाडतेस. परवा उभ्या उभ्या दोन टायर पंक्चर केलेस. आम्ही आहोत म्हणून चाललंय.”

हे खरं होतं, आणि खरं असलेलंच जास्त बोचतं. साळूला शर्यतीशिवाय दुसरं काही आवडत नव्हतं. एकदा, फक्त एकदा विजेती व्हायचं, हे तिच्या मनात लहानपणापासून होतं. पण गाडीच गेली हातातून तर विजेती कशावर बसून होणार? तिनं डोळे पुसले आणि दादाच्या मागे राहीन, असा शब्द दिला. घरी येऊन तिनं रागारागात बिळाची एक भिंत पाडली.

शर्यतीचा दिवस उजाडला. सारं जंगल लोटलं होतं. सगळ्यांच्या डोक्यावर ठिपक्यांच्या टोप्या, त्यामुळे चितळांची मोठी पंचाईत झाली. कोण चितळ आणि कोण टोपीवाला, ते कळेना.

शिट्टी झाली, गाड्या सुटल्या. ठिपकोजीदादा पहिला, साळू दुसरी, तरस तिसरा. साळूचे काटे रागानं आधीच अर्धे उभे होते, त्यामुळे शब्द पाळणं सोपं जात होतं. आबासाहेब कठड्यामागे समाधानानं रवंथ करत होते.

आणि ओढ्याजवळच्या वळणावर दादाचं मागचं चाक सरकलं. तो गाडीसकट घाणेरीच्या झुडपात शिरला. साळू काही न करता पुढे आली.

आता काय करणार? दादा झुडपातून बाहेर येईपर्यंत ती बरीच पुढे निघून गेली होती. कठड्याशी आली तर वानरानं पाटी वर केलेली होती. ‘साळू, हळू’. तिनं वाचलं आणि काटे ताठ झाले. गाडी मंदावली. मागून दादाच्या गाडीचा आवाज जवळ येऊ लागला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण शब्द तो शब्द. पुढच्या फेरीत कठड्यासमोर दादाला वाट देऊन टाकायची, असं तिनं ठरवलं.

तिनं ठरवलं होतं हो. ते लक्षात ठेवा.

पण आबासाहेबांना धीर निघेना. त्यांना वाटलं, वानर पाटी नीट धरत नाही. त्यांनी ती हिसकावली आणि स्वतः कठड्यावर चढले. आता तो कठडा वानरासाठी बांधलेला. त्यावर गवा चढला. कठडा आधी कण्हला, मग एका बाजूनं बसला. आबासाहेब घसरले ते थेट टोप्यांच्या ढिगात, आणि पाटी त्यांच्या दोन्ही शिंगांत जी अडकली ती निघेना.

ते उठून उभे राहिले तेव्हा साळू समोरून येत होती. तिला दिसलं ते असं. आबासाहेबांच्या अंगावर ठिपक्यांच्या टोप्या, मागे त्यांची शेपूट ओढणारं वानर, आणि कपाळावर नवरदेवाच्या बाशिंगासारखी बांधलेली पाटी, ‘साळू, हळू’. पाटीखाली दोन डोळे गरगरत होते.

साळू फिस्सकन हसली.

तिनं हसू दाबायचा प्रयत्न केला. पण दाबलेलं हसू किती वाईट, हे तुम्हाला वर्गात कळलेलंच असेल. ते पोटातून वर आलं आणि तिचे सगळे काटे एकदम पाठीला चिकटले. गाडी जी सुटली, ती सुटलीच. साळूनं खरंच थांबायचं मनावर घेतलं. पण हसताना ब्रेक दाबला जात नाही. करून बघा. नको, करून बघू नका.

मग तिनं दुःखाच्या गोष्टी आठवून पाहिल्या. उन्हाळ्यात करपलेले कंद आठवले, तर प्रत्येक कंदाला बाशिंग दिसू लागलं. पडलेली बिळाची भिंत आठवली, तर त्या भिंतीवर आबासाहेब चढताना दिसले. ती हसत हसत वळली, हसत हसत तरसाला एक फेरी मागे टाकून गेली. ते बघून तरसही हसायला लागला, पण त्याचं कुणी मनावर घेतलं नाही. तो नेहमीच हसतो.

मागे ठिपकोजीदादा जिवाच्या आकांतानं येत होता. कान मागे, पोट टाकीला टेकलेलं, डोळे तिच्यावर रोखलेले. इतक्या वेगानं तो आयुष्यात कधी धावला नव्हता. तरी त्याला ती सापडली नाही. साळूनं शर्यत जिंकली, विजेतेपदही जिंकलं, आणि गाडीवरून उतरून पोट धरून गवतात लोळली.

हसू ओसरल्यावर मात्र ती भानावर आली. शब्द मोडला होता. आता टीम गेली, गाडी गेली. ती खाली मान घालून आबासाहेबांच्या समोर जाऊन उभी राहिली.

तिथे सातभाई आधीच पोचले होते. सातभाई म्हणजे ते पाखरू नव्हे का, एक बोललं की सगळे बोलतात. जंगलातल्या बातम्या तेच सांगायचे. हे कसं घडलं, असं ते आबासाहेबांना विचारत होते. आबासाहेबांनी शिंगात उरलेला पाटीचा तुकडा झटकला, साळूकडे एकदा पाहिलं, गर्दीकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, “हाच तर आमचा डाव होता.”

साळूला थांब म्हटलं की ती पेटते, हे आपण कधीच ओळखलं होतं, असं त्यांनी सविस्तर समजावलं. कठडासुद्धा मुद्दाम पाडला होता. सातभाईंनी ते सगळं जंगलभर केलं. जुन्या टोप्यांवर बाभळीचे काटे टोचून त्या साळूच्या म्हणून वाटल्या. चितळांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

सत्काराच्या गडबडीत ठिपकोजीदादा साळूला बाजूला घेऊन गेला. तो चिडला असेल असं तिला वाटत होतं. पण तो नुसता दमलेला दिसत होता. “साळू,” तो म्हणाला, “इतकी वर्षं मी जिंकतोय, पण मी जिंकलो की पाटी जिंकली, ते मला कळायचं नाही. आज कळलं, मी किती धावू शकतो ते. हरलो, पण बरं वाटलं.” मग त्यानं तिच्या पाठीवर थाप मारायला पंजा उचलला, काटे बघून तो परत घेतला आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी त्यानं शर्यत सोडल्याचं कळलं.

साळूला फार वाईट वाटलं. तिनं तिथल्या तिथे मनाशी ठरवलं की आपल्या टीममध्ये पुन्हा कुणाला पाटी दाखवू द्यायची नाही.

नवा हंगाम आला. हरणं साळूला वाट देऊ लागली. वाघानं थांबून तिच्या तब्येतीची चौकशी केली. तिच्यासाठी खास न फाटणारी सीट आली. आणि दादाच्या जागी टीममध्ये एक मुंगूस आला, फुलाजी नावाचा. झुपकेदार शेपटीचा, लाजरा, साळूताई साळूताई करत मागे फिरणारा. साळूनं त्याला ओढ्याजवळचं वळण कसं घ्यायचं ते स्वतः शिकवलं.

पहिल्याच शर्यतीत त्या वळणावर फुलाजी आतल्या बाजूनं सुळकन शिरला आणि साळूच्या पुढे गेला. तिनं शिकवलं होतं अगदी तसाच.

साळूला आधी कौतुक वाटलं. पुढच्या फेरीतही तो पुढेच राहिला, तेव्हा कौतुक जरा कमी झालं. त्याच्या पुढच्या फेरीत तिची नजर नव्या कठड्याकडे गेली. वानर शेंगा खात बसलं होतं. पाटी आडवी पडली होती. साळूच्या पाठीवरचे काटे एकेक करून उभे राहू लागले. अरे, काही पद्धत आहे की नाही? विजेती कोण आहे इथे? कुणाच्या टोप्या आहेत या डोक्यांवर?

पुढच्या वेळी कठड्यासमोरून जाताना तिनं एक हात सोडला आणि वानराला खूण केली.

आबासाहेबांनी रवंथ थांबवलं आणि मान डोलावली. पाटी वर झाली. ‘फुलाजी, हळू’. साळूनं ती वाचली आणि तिचे काटे असे गपकन पाठीला बसले, की तिची तिलाच गंमत वाटली. ती फुलाजीच्या बाजूनं अलगद पुढे निघून गेली. जाताना मान तुकवून आभारही मानले.

शर्यत संपल्यावर फुलाजी तिच्याकडे आला. त्याची शेपूट पिंजून फुगली होती आणि डोळे लाल होते. आपलं काही चुकलं का, असं त्यानं विचारलं.

साळूनं त्याला जवळ बसवलं, सोसवेल इतक्या अंतरावर. मायेनं त्याच्याकडे पाहिलं. “चुकलं काही नाही रे,” ती म्हणाली. “तुझं वय आहे अजून. माझं झालं की सगळं तुझंच आहे.”

आणि खरं सांगते मुलांनो, तिला ते अगदी मनापासून वाटत होतं.

तात्पर्य : अन्यायाविरुद्ध जिवाच्या आकांतानं लढावं. एकदा जिंकलं की तो आपल्याला करता येतो.