फोटोत घट्टपणा दिसतो व्हय?

शिवऱ्याच्या फाट्यावर एसटी थांबली की लोक उतरतात आणि चहा शोधतात. तात्या शिळीमकर एसटीच्या चाकापाशी उकिडवे बसतात. एकेका नटावरून बोट फिरवतात, एखाद्यावर नखानं टकटक करतात, मग उठून ड्रायव्हरच्या खिडकीखाली उभे राहतात आणि विचारतात, "कुणी बगितलं?"

नवा ड्रायव्हर असला तर तो दचकून खाली वाकतो. त्याला वाटतं, गाडीखाली काहीतरी आलं.

"काय बघितलं?"

"ही चाकं. सुटायच्या आधी कुणी बगितली?"

"डेपोत बघतात की."

"डेपो म्हंजे कोन? डेपोला डोळं असत्यात व्हय? माणसाचं नाव सांग."

तोवर मागं दोन टेम्पो आणि एक पुण्याची गाडी हॉर्न वाजवत असते. शेवटी मला गल्ला सोडून धावावं लागतं आणि तात्यांच्या दंडाला धरून त्यांना बाजूला घ्यावं लागतं. हायवेवर माझं मिसळीचं हॉटेल आहे. त्याला लागूनच तात्यांची पत्र्याची शेड आहे. तिथं ते पाण्याच्या मोटारी, मिक्सर, पिठाच्या गिरण्या दुरुस्त करतात. त्याआधी सगळी उमर त्यांनी विमानं दुरुस्त केली.

हे ऐकून कुणी हसलं की मला राग येतो. भाटघरच्या बाजूचा एक माणूस पुण्याच्या विमानतळावर मेकॅनिक होता, यात हसण्यासारखं काय आहे? तुम्ही आम्ही खिडकीची सीट मिळाली म्हणून खूश होतो, तेव्हा खाली कुणीतरी विमानाच्या पोटाखाली उताणं पडून इंजिनाचं झाकण धरणाऱ्या कड्या चाचपलेल्या असतात. ते काम तात्यांनी केलं. आता ते माझा चटणीचा मिक्सर दुरुस्त करतात, आणि तोही विमानासारखाच.

म्हणजे कसा, ते सांगतो. शेडमध्ये एक फळी आहे. फळीवर प्रत्येक पान्याची आकृती पांढऱ्या रंगानं काढलेली आहे. काम संपलं की प्रत्येक पाना आपापल्या आकृतीवर गेलाच पाहिजे. एक जरी आकृती रिकामी राहिली तर दुरुस्त झालेली वस्तू शेडबाहेर जात नाही, कारण हरवलेला पाना तिच्या पोटात असू शकतो. एका रविवारी सकाळी ऐन गर्दीत तात्यांनी माझा मोठा मिक्सर दुरुस्त केला आणि फळीवर एक पाना दिसेना. बाहेर भाटघर धरणाकडे निघालेली पुणेकर मंडळी टेबलं बडवत होती. मी म्हटलं, "तात्या, मिक्सर द्या, पाना मागनं शोधू."

"पाना गावंस्तवर मिसळ बंद," तात्या म्हणाले आणि मिक्सरवर हात ठेवून उभे राहिले.

मी त्यांना तोंडाला येईल ते बोललो. त्यांच्या कपाळावर आठीसुद्धा आली नाही. पाना शेवटी आमच्या आचाऱ्याकडे सापडला. रश्श्याच्या पातेल्याचं झाकण उडतं म्हणून त्यानं तो वजन म्हणून ठेवला होता. तात्यांनी पाना पुसला, फळीवर लावला आणि आचाऱ्याला असा फैलावर घेतला, की तो बिचारा दुसऱ्या दिवशी कामालाच आला नाही. दोन वेळच्या मिसळीला मीच फोडणी घातली आणि गिऱ्हाइकांनी ती मुकाट्यानं खाल्ली.

अर्धवट राहिलेल्या कामाला ते लाल फीत बांधतात. फीत आहे तोवर बटण दाबायचं नाही, हा विमानाकडचा रिवाज. एकदा गावच्या पाणीपुरवठ्याच्या मोटारीला त्यांनी हातभर लांब फीत बांधली आणि सामान आणायला भोरला गेले. परत येईस्तोवर बायकांनी मोटारीला हळदीकुंकू वाहिलेलं, पुढ्यात नारळ फोडलेला. तात्यांनी तेवढा नारळ खाल्ला. बाकी सगळ्यांना शिव्या दिल्या.

पण सगळ्यात मोठा छळ म्हणजे 'दुसरा माणूस'. तात्यांनी मोटार जोडली तरी ते स्वतः ती चालू करत नाहीत. ज्यानं कामाला हात लावलेला नाही अशा कुणीतरी येऊन सगळं बघायचं, हात फिरवायचा, 'बगितलं' म्हणायचं, मगच बटण. कुणी मिळालं नाही तर मला बोलावतात. मला मोटारीतलं ओ की ठो कळत नाही.

"मग मी बघून उपयोग काय?" मी एकदा वैतागून विचारलं.

"मालक, केलेल्या माणसाला आपली चूक दिसत न्हाई. त्याच्या डोक्यात ती बरोबरच असती. तुमी नुसतं ईचारा, हे का हालतंय? तेवढं लई झालं."

त्यांची नोकरी गेली ती या दुसऱ्या माणसापायी. पूर्वी एक जण काम करायचा आणि दुसरा ते तपासायचा. मग कंपनीत नवे साहेब आले. त्यांनी हिशेब मांडला, की एकाच कामाला दोन माणसं म्हणजे एक माणूस फुकट. हातात टॅब दिले. काम करा, फोटो काढा, बटण दाबा, झालं. विमान रोज उघडून बघायचं कारण नाही, गरज असेल तेव्हा कॉम्प्युटर सांगेल. त्या मीटिंगमध्ये तात्या उठून उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, फोटोत घट्टपणा दिसतो व्हय?"

साहेबांनी हसून पुढचा विषय घेतला. पुढची मीटिंग मोबाईलवर झाली. पुण्यातली मेकॅनिकांची निम्मी टोळी एका दमात काढली. त्या मोबाईलवरच्या पोरगेल्या बाईंनी इंग्रजीतून सांगितलं म्हणे, की तुम्ही आमचं कुटुंब आहात आणि आजपासून येऊ नका.

"कुटुंब!" हे सांगताना तात्यांचा आवाज अजून चढतो. "कुटुंबातला माणूस असा काढत्यात? गोठ्यातली म्हस इकताना माणूस तिच्या पाठीवर हात फिरवतो, मालक!"

मी साधा हॉटेलवाला. पोऱ्याला कामावरनं काढायची वेळ आली तर त्याला आधी समोर बसवून जेवायला घालतो, मग सांगतो. एवढी अक्कल मला कुठल्या कॉलेजानं शिकवलेली नाही. या लोकांना विमानं चालवता येतात आणि एवढं कळत नाही, याचा मला आजही संताप येतो.

तात्यांचा मात्र साहेबांपेक्षा सुभाषवर जास्त राग. सुभाष पानशेतकडचा. तात्यांच्या हाताखाली शिकला, वर्षानुवर्षं त्यांचा 'दुसरा माणूस' तोच होता. मीटिंगमध्ये तात्या उभे राहिले तेव्हा हा शेजारी खाली मान घालून बसला. त्याची नोकरी राहिली. तेव्हापासून तात्यांच्या मोबाईलवर त्याचं नाव उमटलं की तात्या मोबाईल पालथा घालतात आणि वर तेलाचं फडकं टाकतात. फडक्याखाली तो बिचारा वाजत राहतो.

अशातच मनीषाला दिल्लीला नोकरी लागली. मनीषा म्हणजे तात्यांची एकुलती एक मुलगी, नर्स. हॉस्पिटलनं विमानाचं तिकीट पाठवलं आणि ते नेमकं तात्यांच्याच जुन्या कंपनीचं निघालं.

तात्या म्हणाले, "रेल्वेनं जा."

"सोमवारी हजर व्हायचंय. रेल्वेचं तिकीट आता कुठलं मिळतंय?"

"मग जाऊच नगंस."

भांडण माझ्या हॉटेलात, भर गिऱ्हाइकांत झालं. मनीषा बापावर गेलेली. ती म्हणाली, "तात्या, जन्मभर दुनियेला त्या विमानात बसवलंत, आणि माझ्यावेळीच आडवं का येता?"

"तवा आमी होतो!" तात्या ओरडले. "आता तिथं कोन हाय? कोन बगतंय?"

मिसळ खाणारे घास हातात धरून बघत राहिले. काकी, म्हणजे तात्यांच्या मंडळी, पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. मला वाटलं होतं म्हातारा अडून बसणार. पण जायच्या दिवशी तोच सगळ्यांच्या आधी माझ्या जीपपाशी हजर होता. चारही चाकांचे नट बघून झाले होते. माझ्याकडनं 'बगितलं' वदवून घेतलं, तेव्हा कुठं आम्ही निघालो.

विमानतळावर मनीषा आत गेली. काचेपलीकडून हात हलवला आणि गर्दीत दिसेनाशी झाली. तात्यांनी हात हलवला नाही. ते काकींना म्हणाले, "म्या तिला बाहेर बोलावतो. अजून येळ हाय." आणि त्यांनी खिशातनं मोबाईल काढला.

तेवढ्यात समोरून एक माणूस आला. अंगात चमकत्या पट्ट्यांचं जाकीट, दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. तात्यांच्या पायाशी वाकायला गेला.

"हात नगं लावू!" तात्या असे कडाडले की बॅगा ओढणारी माणसं थबकली. "तुला कुणी बोलावलं हितं?"

"मनीताईनं फोन केलता," सुभाष म्हणाला. "म्हणाली, माझं विमान तुमी बघा, न्हाईतर तात्या मला जाऊ द्यायचे न्हाईत."

मग तात्यांनी जे तोंड सोडलं ते मी इथं लिहू शकत नाही. निम्मं मला छापता येणार नाही आणि निम्मं विमानाच्या भाषेतलं होतं. मान खाली घालून बसलास, मालकाचं कुत्रं झालास, चार माणसांच्या पोटावर पाय देऊन नोकरी टिकवलीस. सुभाष उभा राहून ऐकत होता. मला तर वाटलं, याच्यात बोलायचंही त्राण उरलेलं नाही. काकींनी त्याला दंडाला धरून कट्ट्यावर बसवलं, मुलीला दिलेल्या दशम्यांतल्या उरलेल्या दोन फडक्यातनं काढल्या आणि त्याच्या हातात ठेवल्या.

"कालपास्नं पाळीवरच हाय काकी," तो म्हणाला. "माझ्या बदली दुसरा आलाच न्हाई."

तात्या थांबले. आवाज खाली आला, पण धार तीच.

"तिच्या विमानाला कुणी हात लावला?"

"म्या."

"आन बगितलं कुणी?"

"म्याच. दुसरा कुठनं आणू, तात्या?"

मला वाटलं आता म्हातारा फोन लावणार आणि पोरीला बाहेर बोलावणार. पण तात्या त्याच्यासमोर उकिडवे बसले, एसटीच्या चाकासमोर बसतात तसे, आणि एकेक विचारायला लागले. चाकं? बघितली. नुसती नजर टाकली का हात फिरवला? हात फिरवला. ब्रेक? तेल? कुठं गळती? सुभाष दशमी चावता चावता उत्तरं देत होता. पटापट, शाळेत पाढे म्हणावेत तशी.

"इंजिनाखालच्या कड्या?"

"घट्ट हायत."

"वाकून बगितल्या का झोपून?"

"झोपून. हाताला घट्ट लागल्या."

"ह्याच इमानाच्या का सकाळच्या दुसऱ्या इमानाच्या?"

सुभाषचं तोंड चालायचं थांबलं. त्यानं आपल्या उजव्या हाताकडे बघितलं. "फोटो हाय," तो म्हणाला, "फोटो काढलाय म्या..." आणि तात्यांच्या डोळ्याला डोळा भिडताच दशमी कट्ट्यावर ठेवून तो पळत सुटला.

आम्ही तिघं तिथंच उभे. काही वेळानं मनीषाचा फोन आला. तात्यांना ऐकायला कमी येतं, म्हणून ते स्पीकर लावतात. सगळ्या विमानतळाला ऐकू गेलं.

"तात्या, विमानात बसलेय तर सांगतायत उशीर होणार. खाली कुणीतरी काहीतरी बघतंय म्हणे. लोक चिडलेत हितं. तुमी काय केलंय का?"

"उशीर व्हतोय?" तात्यांचा चेहरा असा खुलला, की साखरपुडा ठरल्यावरही बापाचा एवढा खुलत नसेल. "कुणी बगतंय म्हंजे लई चांगलं. बस निवांत. आन त्या चिडणाऱ्यांना सांग, गप बसा म्हणावं."

विमान गेलं. ते नजरेआड होईस्तोवर तात्या मान वर करून बघत राहिले. आम्ही जीपमध्ये बसलो, कात्रजचा घाट ओलांडला आणि मग सुभाषचा फोन आला. तात्यांनी तो पहिल्या रिंगला उचलला.

"घट्टच हुत्या तात्या," सुभाष म्हणाला. "झोपून बगितल्या. एकूण एक घट्ट."

"बरं झालं."

"साहेब बोंबलला. उशीर का केला म्हून लेखी मागितलंय."

"दे लिहून. तात्यानं ईचारलं म्हून लिही."

सुभाष हसला. फोन चालूच होता, पलीकडून विमानाचा आवाज येत होता. मग तात्यांनी विचारलं, "माजं कपाट कुणाला दिलं रं?"

"कुणालाच न्हाई. घ्यायला माणूसच न्हाई, तात्या."

काकींनी तोंड खिडकीकडे फिरवलं. मला त्या साहेबाला, त्या मोबाईलवरच्या बाईला, त्या कंपनीला रस्त्यात आडवं घेऊन काहीतरी विचारावंसं वाटत होतं, आणि काय विचारायचं ते सुचत नव्हतं. तात्यांनी स्पीकर बंद केला, मोबाईल कानाला लावला आणि हळू आवाजात बोलले. पण जीप बारकी, मला ऐकू आलंच.

"रातच्या पाळीला एकटाच असतोस न्हवं? मग असं कर. इमान झालं की मला फोन लाव. म्या एकेक ईचारतो, तू सांग. कितीबी वाजू दे, लाजू नगंस." त्यांनी मोबाईल दुसऱ्या कानाला लावला. "म्या जागाच असतो, सुभाष. काम सुटल्यापास्नं मला रातची झोपच न्हाई."