थोआ मावशी गोड बोलल्या

लुआची होणारी सासू रविवारी सकाळी दहा वाजता दुकानावर येणार होती, म्हणून शनिवारी दुपारी लुआने आईला स्टुलावर बसवलं आणि तिच्या हातातलं ओगराळं काढून घेतलं.

"आई, उद्या कुणावरही ओरडायचं नाही."

"मी कुठे ओरडते?" थोआ मावशी ओरडल्या. समोरच्या घरातलं कुत्रं उठून आत गेलं.

"मागच्या स्थळाच्या आईला तू काय म्हणालीस, आठवतंय?"

"चव न घेताच लिंबू पिळत होती ती! आधी चव घ्यावी, मग पिळावं. लहान पोरालाही कळतं."

"परत आली का ती?"

"न येऊ दे."

लुआने ओगराळं बाजूला ठेवलं. मग हळूच म्हणाली, "किएन मला आवडतो, आई. मनापासून."

यावर थोआ मावशींनी आवाज चढवला नाही. असं दुकानाच्या तीस वर्षांत फार वेळा झालेलं नव्हतं.

हनोईच्या त्या गल्लीत मावशींच्या दुकानाला पाटी नव्हती. एकच पदार्थ मिळे. तांदळाच्या शेवया, त्यावर डुकराच्या पायांचा रस्सा, अळूचे देठ आणि कांद्याची पात. नियम मात्र पुष्कळ होते आणि ते कुठेही लिहिलेले नव्हते. मागणी एकदाच सांगायची. स्टूल सरकवायचं नाही. वाडग्यात शेवया टाकून उठायचं नाही. वरून रस्सा तर मागायचाच नाही, कारण मावशींनी घातलेला रस्सा बरोबर तेवढाच असे. नियम मोडला की बोलणी बसत, आणि ती खायला माणसं नदीपलीकडून येत.

बोलण्यांतही पायऱ्या होत्या. नवख्याला नुसता कटाक्ष मिळे. वर्षभर नेमाने आलेल्याला एक वाक्य. दहा वर्षं झाली की आजोबा-पणजोबांचा उद्धार. नाकासमोर ओगराळं रोखलं जाण्याचा मान फार थोड्यांना मिळाला होता. पोस्टातून निवृत्त झालेले खांगदादा सत्तावीस वर्षं रोज येत. त्यांच्यावर ओगराळं दोनदा रोखलं गेलं होतं आणि दोन्ही तारखा त्यांना पाठ होत्या.

"हे सगळं किएनच्या आईला कळणार नाही," लुआ म्हणाली. "त्या ह्वेच्या, जुन्या राजधानीच्या. मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या. त्यांच्या घरी मांजरालासुद्धा 'आपण' म्हणतात."

"मग उंदराला काय म्हणतात?"

"आई!"

शेवटी थोआ मावशींनी दुकानातल्या पूर्वजांच्या देव्हाऱ्यापुढे उदबत्ती लावली आणि शब्द दिला. रविवारी पहाटे दुकान उघडल्यापासून दुपारी बारापर्यंत कुणालाही वेडंवाकडं बोलणार नाही. पहाटेपासून कशाला, असं लुआने विचारलं, तेव्हा मावशी म्हणाल्या, "एकदा जीभ सुरू झाली की दहाच्या ठोक्याला थांबायची नाही. माझी आहे, मला ठाऊक आहे."

रविवारी सातला खांगदादा आले. नेहमीप्रमाणे पंख्याखालचं स्टूल वीतभर सरकवून त्यांनी नेहमीची मागणी सांगितली, "पायाचे तुकडे जास्त, अळू कमी."

यावर रोज उत्तर येई, "अळू सोसत नसेल तर इस्पितळात जाऊन पेज खा." ते ऐकलं की खांगदादांचा दिवस सुरू होई. त्या दिवशी मात्र मावशी म्हणाल्या, "बसा हं खांगदादा. अळू अगदी थोडं घालते. झोप लागली ना रात्री?"

खांगदादांनी मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

"थोआ, माझं काही चुकलं का?"

"छे हो."

"काल मी वाडग्यात दोन शेवया ठेवल्या. मुद्दाम नाही, दात दुखत होता."

"असू द्या हो. चालायचंच."

'चालायचंच' हा शब्द ऐकून खांगदादांच्या हातातल्या जेवायच्या दोन काड्यांपैकी एक खाली पडली. मावशींनी ती स्वतः उचलली, दुसरी पुसून दिली आणि वर हसल्या. मावशींचे खालचे दात खांगदादा सत्तावीस वर्षांत प्रथमच पाहत होते.

त्यांनी शांतपणे विचार केला. शक्यता दोनच होत्या. एक, आपण थोआला परके झालो. दोन, थोआलाच काहीतरी झालंय. एवढ्यात एका अनोळखी मुलीने पातेल्याचा फोटो काढला आणि रस्सा बिनचरबीचा मिळेल का, असं विचारलं. सगळं दुकान कान टवकारून बसलं. मावशी म्हणाल्या, "वरची चरबी काढून देते हं बाळा." पहिली शक्यता निकालात निघाली.

उरलेल्या शक्यतेला पुरावाही होता. गल्लीच्या टोकाचा न्हावी जन्मभर गिऱ्हाइकांवर खेकसत असे. एका सोमवारी तो अचानक "या, बसा" म्हणाला आणि गुरुवारी गेला. खांगदादांनी ही गोष्ट कोपऱ्यावरच्या चहावाल्या बाईला सांगितली, आणि फक्त तिलाच सांगितली. साडेसातला गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं की थोआला पोटाचं काहीतरी आहे. आठला ते पोटातून यकृतात गेलं. साडेआठला डॉक्टरांनी हात टेकले.

नऊच्या सुमारास महिला मंडळाच्या अध्यक्षा न्हुंगबाई पिशवीभर संत्री आणि दुधाचे डबे घेऊन आल्या. आजाऱ्याला भेटायला जाताना नेतात तेच.

"थोआ, आम्हाला एका शब्दाने सांगितलं नाहीस?"

"काय सांगायचं?" मावशींनी दातओठ आवळून गोड आवाज काढला. "मला काही झालेलं नाही हो. किती काळजी करता तुम्ही सगळ्या."

न्हुंगबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. दरवर्षी वर्गणी मागायला गेलं की हीच थोआ त्यांना पळवून लावायची. "बघा, किती सोसतेय," त्या मागच्या बायकांना म्हणाल्या. मागच्या बायकांनीही संत्री आणली होती.

मावशी जितकं नाही म्हणत, तितकी लोकांची खात्री पटत होती. नाकारणं गोड शब्दांत होतं, एवढाच त्यात दोष. पातेल्यामागे संत्र्यांचा ढीग लागला. नेहमीची गिऱ्हाइकं वाडगे चाटूनपुसून रिकामे करत होती. कुणी स्टूल सरकवत नव्हतं. दोघांनी तर उठून आपापले वाडगे स्वतः विसळले. इतकी शिस्त मावशींना तीस वर्षं ओरडून लावता आली नव्हती.

"आई, हे काय चाललंय?" लुआने मागच्या दाराशी विचारलं.

"तुझ्या आईला जिवंतपणी मारताहेत. बोलू का एकदाच? एकच वाक्य?"

"नको! दहा वाजत आले."

"अर्धं?"

"आई, शब्द दिलायस."

दहाला पाच कमी असताना किएनची आई, तिन्हबाई, आल्या. जांभळा लांब पोशाख, केसांचा नीट बांधलेला अंबाडा, हातात केकचा डबा. मागोमाग किएन. गल्लीच्या तोंडाशीच खांगदादांनी त्यांना गाठलं आणि दबक्या आवाजात काहीतरी सांगितलं. तिन्हबाईंनी दोन्ही हात छातीशी नेले. दुकानात शिरताना त्यांची पावलं इतकी हलकी पडत होती, जणू आत कुणी झोपलंय.

"आपण कशाला उठता? आपण बसून राहा," त्या मावशींना म्हणाल्या.

"बसले तर वाढणार कोण?" मावशींच्या तोंडून निघालं. लुआ खोकली. "म्हणजे, बसा ना आपण. बरं वाटलं आपल्याला पाहून."

तिन्हबाई ठेंगण्या स्टुलावरही शाळेच्या खुर्चीत बसावं तशा ताठ बसल्या. मावशींनी वाडगा स्वतः भरला. पायाचा सर्वांत चांगला तुकडा वर ठेवला, पात पेरली आणि वाडगा दोन्ही हातांनी पुढे केला. तिन्हबाईंनी चव घेतली. लिंबाला हात लावला नाही. मावशींनी ते पाहिलं आणि त्यांना मनातल्या मनात एक पायरी वर चढवलं. तिन्हबाईंनी वाडगा जवळजवळ संपवला. मग त्यांनी किएनकडे पाहिलं, संत्र्यांच्या ढिगाकडे पाहिलं आणि घसा साफ केला.

"एक विनंती होती. कार्य याच महिन्यात उरकून घेऊ या."

लुआचा चेहरा उजळला. मावशींचाही. "याच महिन्यात? इतकी कसली घाई?"

"आपल्याला माहीतच आहे. उद्या काही बरंवाईट झालं, तर रीतीप्रमाणे तीन वर्षं सुतक, मुलांना तोवर थांबावं लागेल. आपल्या डोळ्यांदेखत झालेलं बरं."

मावशींना अर्थ लागायला जरा वेळ लागला. तो लागला तेव्हा त्यांचे कान तांबडे झाले. तरी त्यांनी ओगराळ्याला हात लावला नाही. देव्हाऱ्यापुढचा शब्द होता, लुआ डोळ्यांनी हात जोडत होती, आणि लग्न महिनाभरात होणार होतं. तेवढ्यासाठी बारा वाजेपर्यंत मेलेलं राहायलाही त्यांची तयारी होती.

तिन्हबाईंनी धीर देण्यासाठी त्यांच्या हातावर हात ठेवला. "आणि रस्सा थोडा फिका वाटला, पण ते मनाला लावून घेऊ नका. अशा प्रकृतीत आपण एवढं करता, हेच खूप."

काड्या थांबल्या. कोपऱ्यातल्या एका माणसाने तोंडातली शेवई तशीच लोंबती ठेवली.

थोआ मावशी उठल्या.

"फिका?" ओगराळं पातेल्यातून बाहेर आलं ते थेट तिन्हबाईंच्या नाकासमोर. "फिका? रात्रभर मंद आचेवर ठेवलेला रस्सा आहे हा! भाजलेलं आलं आहे, भाजलेला कांदा आहे. दर घटकेला उठून फेस काढते मी! तुमच्या ह्वेला गवती चहा आणि मिरच्या कोंबून जीभ बधिर करून घेता, मग फिका नाही लागणार तर काय? आणि प्रकृती? कुणाची प्रकृती? मी सरणावर असले तरी माझा रस्सा असाच होईल! दया करायची तर तुमच्या जिभेची करा! आणि पाठ सरळ ठेवून काय बसता, वाकून जेवा, रस्सा अंगावर सांडतोय!"

मग खांगदादा उठून उभे राहिले. "बरी आहे!" ते रस्त्याकडे तोंड करून ओरडले. "थोआ बरी आहे!"

गल्लीत टाळ्या पडल्या. चहावालीने किटली आपटली. कुणीतरी लगेच स्टूल सरकवलं. न्हुंगबाई डोळे पुसत पातेल्यामागे आल्या. "मग ही संत्री..."

"उचला! दुकान आहे का बाजार? दुधाचे डबे राहू द्या."

लुआने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं. बोटांच्या फटीतून तिला किएन दिसत होता, आणि किएन आपल्या आईकडे बघत होता. तिन्हबाई जागच्या हलल्या नव्हत्या. त्यांच्या नाकाच्या शेंड्यावर रस्स्याचा एक थेंब होता. तो त्यांनी रुमालाने टिपला आणि खांगदादांकडे वळून अगदी हळू आवाजात विचारलं, "या नेहमी अशाच बोलतात?"

"अशाच?" खांगदादांच्या आवाजात कडवटपणा होता. आनंद ओसरून आता त्यांना दुसरंच काही जाणवू लागलं होतं. "नाही बाई. सत्तावीस वर्षं येतोय मी. मला ओगराळं दोनदा दाखवलंय, तेही लांबून. तुम्हाला पहिल्याच दिवशी, तेही रस्सा ठिबकत असताना. आणि वर अख्खं ह्वे शहर काढलं. माझ्या तर पणजोबांच्या पुढे ती कधी गेली नाही."

तिन्हबाईंनी हे नीट ऐकून घेतलं. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्याशी कुणी चढ्या आवाजात बोललं नव्हतं, आणि त्या निवृत्त झाल्यापासून तर फारसं कुणी बोलतच नव्हतं.

"म्हणजे आपल्याला दोनदाच?" त्यांनी विचारलं.

"दोनदाच," खांगदादा म्हणाले आणि मान वळवली.

तिन्हबाईंची पाठ आणखी ताठ झाली. "किएन, तारीख याच महिन्यातली धरायची," त्या म्हणाल्या. "मुहूर्त एकदा बोलला की बोलला." लुआने तोंडावरचे हात काढले.

मग तिन्हबाईंनी आपल्या वाडग्यात पाहिलं. तळाशी चार-पाच शेवया होत्या. जन्मात त्यांनी ताटात काही टाकलं नव्हतं. त्यांनी काड्या वाडग्यावर आडव्या ठेवल्या, शेवयांसकट वाडगा पुढे सरकवला, खांगदादांकडे एकदा तिरक्या नजरेने पाहिलं आणि ह्वेच्या मऊ आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "विहीणबाई, वरून थोडा रस्सा मिळेल का?"

थोआ मावशींनी देव्हाऱ्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. बारा वाजायला अजून अवकाश होता.

त्यांनी ओगराळं उचललं.