शेरवानीची घार

जैनबबीच्या कोंबडीच्या बारा पिल्लांतलं सहावं पिल्लू घारीनं भरदुपारी उचललं, तेव्हा ती अंगणात उभी राहून घारीच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती. पिल्लं काही हौसेसाठी नव्हती. लेक जमिला पहिलटकरीण. ती चार महिन्यांनी माहेरी यायची होती. बाळंतिणीला कोंबडीचा शोरवा मिळाला नाही, तर सासरचे जन्मभर ऐकवणार. विधवा बाईजवळ लेकीसाठी एवढंच होतं, आणि तेही घार नेत होती.

उमरग्याकडं निघालेल्या महांतप्पा धनगरानं कळपातला राखणीचा कुत्रा मल्ल्या तिच्या दारात बांधला.

"अव्वा, लांडग्याची नरडी फोडलीय यानं!"

"आरं, पर लांडगा काय आभाळातनं येतोय व्हय?"

"त्येवढं तुमी शिकवा," म्हणून महांतप्पा चालता झाला.

खरंच, मल्ल्या वर बघायचाच नाही. घार डोक्यावरून जाई आणि हा शूर गडी कुंपणाकडं तोंड करून भुंके. शेवटी जैनबबीनं पेटीतून नवऱ्याची लग्नातली काळी शेरवानी काढली. कसरीनं खाल्लेलीच होती. ती काठीला बांधून जैनबबी पिल्लांवर फडफडवायची आणि "घार आली, घार!" म्हणून ओरडायची. मल्ल्यानं उडी मारून शेरवानी ओढली की त्याला भाकरीचा तुकडा. आठ दिवसांत तो पंडित झाला. घारींनी त्या अंगणाचा नाद सोडला.

पण विद्या अंगात आली की ती स्वस्थ बसू देत नाही. कोंडीराम पाटील काळी छत्री उघडून आला आणि हातात नुसत्या काड्या घेऊन गेला. शेजारच्या विठाबाईची वाळत घातलेली काळी चंद्रकळा फडफडली, तिच्या चिंध्या झाल्या.

"कुत्रं हाकलून दे, जैनबबी!" विठाबाई कडाडली.

"माझं लुगडं घे, बये, पर जमिला बाळंत होऊस्तवर थांब," जैनबबीनं हात जोडले.

चार महिन्यांत पिल्लांच्या सहा गुबगुबीत तलंगा झाल्या. जमिलाही आली. आणि नेमका महसुलाच्या गिरदावरसाहेबाचा दौरा आला. दौऱ्यावरच्या साहेबाला गावानं कोंबडी फुकट द्यायची, हा निजामी रिवाज. साहेबाला तर कोंबडी स्वतः निवडायची हौस. कोंडीराम त्याला घेऊन आला, पण कुंपणाबाहेरच थांबला. साहेबाच्या अंगावर काळी शेरवानी बघूनही पाटलानं त्याला सावध केलं नाही. दर दौऱ्याला त्याच्याही कोंबड्या जातच होत्या.

साहेबानं दोन तलंगा काखेत मारल्या. तेवढ्यात वारा सुटला आणि शेरवानीचे घोळ फडफडले.

मल्ल्यानं साखळीसकट खुंटा उपटला. साहेब कोंबड्यांसह कडब्याच्या गंजीवर चढला, तेव्हा मागचा घोळ मल्ल्याच्या तोंडात होता.

"अरे, कुत्ता हटाव!"

जैनबबीची नजर तलंगांवर होती. "साहेब, कोंबड्या सोडा. घारीच्या पंजात पिल्लू असंस्तवर त्यो हटत न्हाय."

"घार किसको बोली?"

"मला अडाणी बाईला काय कळतंय? मल्ल्याला इचारा."

मल्ल्यानं वर उडी मारली. दोन्ही तलंगा फडफडत खाली आल्या. जैनबबीनं त्या छातीशी धरल्या, तेव्हा कुठं मल्ल्या खाली बसला. साहेब मागच्या अंगानं उतरून जो निघाला, तो गावात जेवायलासुद्धा थांबला नाही.

जमिलाला मुलगा झाला. शोरव्याचा वास पार वेशीपर्यंत गेला. कोंडीराम जैनबबीच्या जुन्या शेरवानीची एक बाही मागून घेऊन गेला, विठाबाई भांडण विसरून दुसरी.

पुढच्या दौऱ्याला साहेब वेशीत आला, तर घरोघरी काठीला काळं कापड लोंबत होतं. पार गावाच्या टोकाला राहणाऱ्या गरीब हलीमबीच्या झोपडीपर्यंत.

"पाटील, ये किसका मातम है?"

"मातम न्हाय, साहेब," कोंडीराम अदबीनं वाकला. "आमच्या कुत्र्यांची शाळा हाय."

साहेबानं एकवार आपल्या नव्या काळ्या शेरवानीकडं पाहिलं आणि घोडं वळवलं.