वाचकाची खुंटी

दोन वाजले की मुलाणीमास्तर स्वतःला ओळखत नसत.

खरंच सांगतो! चिंचवडच्या आमच्या छोट्या कॉलेजात ते अर्धवेळ ग्रंथपाल होते. वेळ अकरा ते दोन. घड्याळात दोन वाजले की हातातला शिक्का जिथल्या तिथे खाली. किल्ल्या ड्रॉवरमध्ये, चष्मा कोटाच्या खिशात, छत्री काखेत, आणि मास्तर खोलीबाहेर. मग दारातच वळायचे, पुन्हा आत यायचे, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या वहीत सही करायचे, 'येण्याचे कारण' या रकान्यात 'वाचन' लिहायचे आणि एक जाड पुस्तक घेऊन खिडकीजवळच्या बाकावर बसायचे. ते पार साडेपाचपर्यंत.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा अडीच वाजून गेले होते. पिंपरीच्या कारखान्यातली सकाळची पाळी सुटली, तशीच सायकल हाणली. बाकावर हे गृहस्थ. विचारलं, "ग्रंथपाल कुठायत?"

"गेले. उद्या अकराला या."

"अकराला मी मशीनवर असतो हो!"

"ते तुम्ही आणि ग्रंथपाल बघून घ्या. मी वाचक."

आता आमचं कॉलेजच मुळी कारखान्यातल्या पोरांसाठी काढलेलं. वर्ग संध्याकाळी सहाला. म्हणजे विद्यार्थी मशीनवर असताना ग्रंथालय उघडं, आणि विद्यार्थी सुटले की ग्रंथपाल पण सुटले! ही कल्पना संचालक मंडळात कुणाला सुचली माहीत नाही, पण तो माणूस पूर्णवेळ असणार.

मी तोंड पाडून निघालो, तर मागून आवाज. "काय हवं होतं?"

"अर्थशास्त्राचं पुस्तक."

"ग्रंथपाल असते तर म्हणाले असते, तिसरं कपाट, खालून दुसरा कप्पा."

"कुलूप असेल ना?"

"वाचकाला काय माहीत? ओढून बघा."

ओढलं. उघडंच!

"इथंच बसून वाचा," मास्तर खिडकीबाहेर बघत म्हणाले. "आणि पान दुमडू नका. तो ग्रंथपाल फार खडूस माणूस आहे. उद्या अकराला माझ्यावर ओरडेल."

मग मी रोजचाच झालो. दिघीला घरी जाऊन परत यायचं म्हणजे सायकलचं आणि माझं दोघांचंही कंबरडं मोडायचं. अशी आम्ही आठ-दहा पोरं होतो. पाळी सुटली की तिथंच.

मास्तरांची बोलण्याची एकच पट्टी होती, ती म्हणजे अर्धी. "मास्तर" म्हटलं की म्हणायचे, "अर्धाच म्हणा. 'मास' म्हणा, 'तर' राहू द्या." अर्धवेळवाल्याला किरकोळ रजा नाही, आजारपणाची नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही. मे महिन्यात नेमणूक संपायची, जूनमध्ये स्वतःच्याच जागेसाठी नवा अर्ज करायचा. एकदा अंगात ताप घेऊन आले होते. मी म्हटलं, "घरी पडायचं ना!" तर म्हणे, "तापाला सांगितलंय, दोननंतर चढ." चष्मा काढून का ठेवता विचारलं तर, "संस्था मला रजा देत नाही, निदान मी डोळ्यांना देतो."

पण त्यांचं खरं दुखणं यातलं कुठलंच नव्हतं. खरं दुखणं होतं खुंटी.

शिक्षकांच्या खोलीत भिंतीला ओळीनं खुंट्या होत्या, खाली रंगानं लिहिलेली नावं. त्या फक्त कायम लोकांना. मास्तर छत्री काखेतच घेऊन फिरायचे. पुस्तक काढताना, शिक्का मारताना, चहा पिताना पण. "बावीस वर्षं नोकरी केली राव, तीन गावांत," एकदा बोलून गेले, "पण छत्री टांगायला भिंत नाही मिळाली."

आणि मग बातमी आली! ग्रंथपालाची जागा पूर्णवेळ करायची का, हे बघायला पुण्याहून एक साहेब येणार. मास्तरांनी कपाटं पुसली, कोटाला इस्त्री केली. शिक्षकांच्या खोलीत कोपऱ्यात एक बिननावाची खुंटी रिकामी होती, तिच्याकडे दोनदा बघूनही आले.

साहेब अकराला येणार होते. आले तीनला.

आम्ही सगळे खाली माना घालून वाचत बसलेलो. साहेबांनी विचारलं, "ग्रंथपाल कोण?"

मी मास्तरांकडे बघितलं. उठा ना, बोला ना! मास्तर उठले. छत्री या काखेतून त्या काखेत घेतली.

"गेले," म्हणाले. "उद्या अकराला भेटतील."

"आणि तुम्ही?"

"वाचक."

साहेबांनी वहीत सही बघितली, मान हलवली, काहीतरी लिहून घेतलं आणि गेले. आठवड्यानं निकाल आला : ग्रंथपाल हजर नसतानाही ग्रंथालयात उत्तम शिस्त आढळली, सबब पूर्णवेळ पदाची गरज दिसत नाही.

मी इतका चिडलो! तडक आमचे शिपाई दगडूमामा यांच्याकडे गेलो. "मामा, हा माणूस येडाय का? एक शब्द बोलला असता तर जागा मिळाली असती!"

मामा तंबाखू मळत होते. "आन् कुलूप?"

"कसलं कुलूप?"

"आरं, ग्रंथपाल गेला की खोलीला कुलूप घालायचं, आसा हुकूम हाय मला. पर नियमात लिवलंय, वाचक आत बसला आसंल तर घालायचं न्हाई. तुमी येता अडीचला. दोनपासनं अडीचपतुर वाचक कुनी पायजे का नको? सायेबाला 'मीच ग्रंथपाल' म्हनला आसता, तर सायेब इचारणार, मंग दोनच्या फुडं खोली उघडी कशी? दुसऱ्या दिशी कुलूप."

"मग आम्ही आल्यावर तरी घरी जावं!"

"गेलावता की एकदा. घरी कुनी न्हाई, म्हनून परत आला."

मी खोलीत आलो. मास्तर बाकावर, मांडीवर जाड पुस्तक, चष्मा खिशात. चष्म्याशिवाय त्यांना पाटीवरचं नावही दिसत नाही, हे मला माहीत होतं. इतके दिवस ते काय वाचत होते, हे मात्र मी कधी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कारखान्यातून मशीनच्या खोक्याचं लाकूड आणलं, फोरमनला विचारून. तासून खुंटी केली आणि बाकामागच्या भिंतीत ठोकली. खाली रंगानं लिहिलं : वाचक.

मास्तरांनी चष्मा काढला खिशातून. दोननंतर, पहिल्यांदाच! जवळ जाऊन अक्षर वाचलं. "मंजुरी घेतली का?"

"ग्रंथपाल नव्हते हो. गेले होते."

मास्तरांनी छत्री टांगली. मग रिकामी काख जरा वेळ तशीच दाबून बसले.

आता रोज दोनला छत्री खुंटीवर जाते. आणि अकरा ते दोन? दगडूमामा सांगतात, तेव्हा ती अजून काखेतच असते. मामांनी एकदा म्हटलंही, "खुंटी हाय की, लावा."

तर मास्तर म्हणाले, "तिथं वाचकाचं नाव आहे. ग्रंथपालाला कशी वापरता येईल?"