तळोज्याचा चॉकलेटचा पूल

"इथे खरं चॉकलेट कुठे आहे?" दिनानाथ पेडणेकरांनी तिसऱ्यांदा विचारलं. या वेळी आवाज इतका चढला की शेजारच्या बाईंच्या कडेवरचं तान्हं मूल रडायला लागलं.

वाशीहून दोन बस बदलून ते सात वर्षांच्या वैशालीला घेऊन तळोज्याला आले होते. एका कारखान्याने आपल्या दर्शनी खोल्यांत 'चॉकलेट संग्रहालय' उघडलं होतं. रविवारी सर्वांना मोफत. वैशालीने ही बातमी आठवडाभर साऱ्या सोसायटीला ऐकवली होती. आणि आत पाहावं तर काय? कोकोची फळं लाकडाची, वड्या प्लास्टरच्या, आणि भिंतीवर आफ्रिकेचा नकाशा.

"बाबा, हे सगळं खोटंय," वैशाली म्हणाली.

तेवढ्याने पेडणेकर पेटले. "फसवणूक आहे ही! दिवसाढवळ्या! मिठाईवाल्याने दुकानात नुसता पेढ्याचा फोटो टांगला तर चालेल का?"

"नाय चालनार," शिरवणे गावचा गोटीराम, इथला पहारेकरी, प्रामाणिकपणे म्हणाला.

"बघा! यांचाच माणूस म्हणतोय!"

भोवती आईबाप जमले. नातवंडांना घेऊन आलेल्या यशोदाबाई म्हणाल्या, "बरोबर बोलतायत हे. आमची पण पोरं सकाळपासून तोंड वासून बसलीत." आता पेडणेकरांना मागे फिरणं शक्यच नव्हतं. त्यांनी व्यवस्थापकांना बोलावणं धाडलं.

व्यवस्थापक जयप्रकाश कुलथे जेवणावरून उठून आले होते. "साहेब, हे शैक्षणिक प्रदर्शन आहे."

"शिक्षणासाठी शाळा आहे. इथे मुलं चॉकलेटसाठी येतात!"

"आणि सगळंच काही खोटं नाही. तो पूल अस्सल चॉकलेटचा आहे." कुलथ्यांनी काचेच्या पेटीकडे बोट केलं. आत वाशीच्या खाडीपुलाची हातभर लांब प्रतिकृती होती. वर खेळण्यातल्या दोन मोटारीही होत्या.

"प्लास्टर," पेडणेकर म्हणाले.

"चॉकलेट!"

"रंग दिलेलं प्लास्टर. मी बांधकाम खात्यात आहे, मला शिकवू नका."

कुलथ्यांचीही कानशिलं तापली. त्यांनी खिशातून किल्ली काढून पेटी उघडली. "घ्या. खाऊन बघा. सगळ्यांसमोर बघा!"

पेडणेकरांनी वैशालीकडे पाहिलं, मनगटावरची बाही सरकवली आणि पुलाचा एक खांब मोडून तोंडात टाकला. सगळे टक लावून पाहत राहिले. त्यांनी चावला. पुन्हा चावला. गिळला.

"चॉकलेटच आहे," ते नाइलाजाने म्हणाले. "पण असलं कसलं..."

"साहेब," गोटीराम हळूच म्हणाला, "त्याला मुंग्या लागतात. म्हनून दर शनवारी पावडर मारायची ऑर्डर हाय."

"कसली पावडर?"

उत्तर कुलथ्यांनी दिलं, तेही खुर्चीचा आधार घेऊन. "डीडीटी."

मग जे झालं ते फार वेगात झालं. वैशालीने भोकाड पसरलं. "मीठपाणी पाजा!" यशोदाबाई ओरडल्या आणि स्वतःच पेडणेकरांचं नाक धरून कुलथ्यांच्या ताटातलं मीठ कालवलेलं तांब्याभर पाणी त्यांच्या घशात ओतलं. कारखान्याचा दवाखाना रविवारी बंद. कुलथे फोनकडे धावले, पण फोन मेलेला. पेडणेकर बाहेरच्या बागेत ओणवे होऊन ओकत होते आणि मध्ये श्वास मिळाला की म्हणत होते, "सोडणार नाही... एकालाही... सोडणार नाही!"

"साहेब, घाबरू नका," गोटीराम त्यांच्या पाठीवर हात फिरवत म्हणाला. "ती हलद हाय."

"काय?"

"हलद. घरात ढेकून लय झाल्यात, म्हनून पावडर मी खाटांना मारतो. इथं घरची हलद. मुंगी हलदीला पन येत नाय. आनि खायाच्या वस्तूला विष कसा मारू? मनाला पटला नाय."

कुलथे पळत बाहेर आले होते ते थबकले. "म्हणजे कंपनीची पावडर तू घरी नेतोस? उद्यापासून कामावर येऊ नकोस!"

पेडणेकर ताठ उभे राहिले. शर्ट भिजलेला, डोळे लाल, मिशीवर मीठ. "खबरदार! या माणसाने माझा जीव वाचवलाय! तुमच्या ऑर्डरप्रमाणे वागला असता तर माझी पोर आज बिनबापाची झाली असती. याची नोकरी गेली तर उद्या हे सगळे इथे मोर्चा घेऊन येतील!"

"येऊच!" यशोदाबाई म्हणाल्या.

कुलथ्यांनी कपाळाला हात लावला. गर्दी हलेना. शेवटी ते म्हणाले, "राहू दे त्याला. आणि तो पूलही वाटून टाका एकदाचा. मला जेवू द्या."

गोटीरामने आत जाऊन फडक्याने पूल पुसला आणि तुकडे केले. मुलांनी रांग लावली. पहिला मान वैशालीचा. तिने मोठा घास घेतला. दोनदा चावल्यावर तिचा चेहरा वाकडा झाला आणि घास हळूच तळहातावर आला.

"बाबा, हे सर्दीच्या औषधासारखं लागतंय."

मागच्या पोरांनीही एकेक करून तेच केलं. कोणी तुकडा आईच्या हातात दिला, कोणी नकाशाखाली ठेवला. यशोदाबाईंच्या नातवाने तर तो सरळ थुंकला.

"माझ्याने नाही खाववत. तुम्हीच खा," वैशाली म्हणाली, आपला तुकडा बापाच्या हातात ठेवला आणि लाकडी फळं मोजायला पळाली.

दारात कुलथे उभे होते. जेवायला जायचं त्यांनी लांबणीवर टाकलं होतं. हाताची घडी घालून ते फक्त पाहत होते.

पेडणेकरांनी तुकडा तोंडात टाकला. "छान आहे," ते म्हणाले, आणि सावकाश चावत राहिले.