न पुसलेलं इंजिन

आमच्या कुकरची तिसरी शिट्टी झाली की दाराची बेल वाजते. मी कणकेच्या हातांनी दार उघडते. बाहेर केळुस्कर काका उभे, कमरेला पंचा, अर्ध्या गालाला दाढीचा साबण तसाच.

"गॅस बारीक केलास?"

"करते काका."

"करते नाय. केलास काय?"

मग ते स्वतःच आत येतात, कुकरपासून चार हात लांब उभे राहून कान देतात आणि "रबर म्हातारं झालंय गो बाय, बदल" असं सांगून जातात. कोपरखैरण्याच्या या बिल्डिंगमध्ये येऊन आम्हाला चौदा वर्षं झाली. चौदा वर्षांत आमच्या घरात छोले एकदाही नीट शिजलेले नाहीत.

काका तुर्भ्याच्या एका केमिकल फॅक्टरीत पस्तीस वर्षं बॉयलरवर होते. जन्मभर वाफेत काढलेल्या माणसाला कुकरचं एवढं काय, असं मी एकदा विचारलं होतं. "आधी घाबरायचं, मग हात लावायचा," म्हणाले. हे त्यांचं ठरलेलं वाक्य. लिफ्ट, गिझर, रिक्षा, सोसायटीचा सेक्रेटरी, सगळ्यांना तेच लागू. त्यांच्या शेजारात राहून मीही इतकी भित्री झालेय की मोबाइल चार्जिंगला लावून बाथरूमला जाताना माझं लक्ष दाराकडे असतं.

आणि हाच माणूस घरात एक्केचाळीस वाफेची इंजिनं बाळगून आहे! घाबरू नका, खेळण्यातली. वीतभर लांबीची, पितळेचा छोटा बॉयलर, खाली दिवा, बाजूला चाक. पाणी घालून दिवा लावला की वाफ होते आणि चाक गरगरा फिरतं. आपल्याकडे ती साहेबाच्या काळापासून येत होती. काकांनी ती भंगारवाल्यांकडून, जुन्या बाजारातून गोळा केली. त्यातलं एकही पेटवत नाहीत. ते फक्त त्यांचं वय सांगतात. पुण्या-कोल्हापूरकडून लोक फोटो पाठवतात, "काका, किती जुनं असेल?" आणि काका भिंगातून मोबाइलकडे बघत बसतात.

त्यांची पद्धत ऐकण्यासारखी आहे. इंजिन हातात आलं की आधी वास घ्यायचा. मग स्क्रू बघायचे. मग भीती बघायची.

"भीती?"

"मग? अगदी जुन्या इंजिनाला जादा वाफ सोडायला धड व्हॉल्व्ह नाय. पोरगं भाजलं तर भाजलं. पुढे बनवणारे घाबरायला लागले. व्हॉल्व्ह आला. मग पाणी बघायला काच आली. मग स्पिरिटचा दिवा गेला नि जळणाची पांढरी वडी आली. जितकी भीती जास्त, तितकं इंजिन नवं."

एकदा सीवूड्सच्या एका टॉवरमधल्या गृहस्थांनी त्यांना बोलावलं, सोबत म्हणून मी गेले. शंभर वर्षांचं म्हणून घेतलेलं इंजिन काचेच्या पेटीत, वर खास लाइट. काकांनी हुंगलं, उलटं केलं, अधिकच्या चिन्हाचा, म्हणजे अलीकडचा, स्क्रू बघितला आणि त्या साठीतल्या माणसाला म्हणाले, "तुमच्यापेक्षा धाकटं आहे." तोवर आमच्यासाठी चहा येत होता. तो आलाच नाही.

काकांनी लग्न केलं नाही. नातेवाईक कोणी येत नाहीत. वर्षातून एकदा, पितृपक्षातल्या पंचमीला, ते वडिलांचं पान वाढतात आणि आमच्याकडे वडे आणि काळ्या वाटाण्याची उसळ पाठवतात. गेल्या वर्षी वडे घेऊन आले तेच छातीवर हात दाबून. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं, अँजिओप्लास्टी.

ॲडमिट व्हायला निघायच्या आधी ते आमच्याकडे आले. हातात लुगड्याच्या फडक्यात बांधलेलं एक गाठोडं.

"हे ठेव. मला काय झालं तर खाडीत टाक. पण उघडू नको."

माझ्या डोक्यात पहिला विचार आला बॉम्बचा. खोटं कशाला बोलू? मी हात मागे घेतले.

"इंजिनच आहे गो," म्हणाले आणि खाली बसले. घाम पुसत सांगायला लागले. "बाबा बोटीवर आगवाले होते, बॉयलरला कोळसा घालायचे. मी सहा वर्षांचा होतो, तेव्हा वादळात बोटीवरून पडले. असं दाजी मेस्त्रीनं येऊन सांगितलं. तो त्याच बोटीवर. पुढे मी बारा वर्षांचा असताना हाच दाजी हे इंजिन घेऊन आला. म्हणाला, तुझ्या बापानं तुझ्यासाठी घेतलेलं, माझ्या ट्रंकेत राहिलं. मी एकदाच पेटवलं. स्पिरिट सांडलं, भडका उडाला, सगळं काळं झालं. आईनं घाबरून बांधून ठेवलं, ते आजपर्यंत."

"मग आता काय?"

"मग मी ही विद्या शिकलो ना. या बनावटीच्या बॉयलरला मागच्या बाजूला एक गोल भोक असतं. आधीच्या इंजिनांना तिथं पितळेचा स्क्रू. नंतरच्यांना काच. आणि काच आली ती बाबा गेल्यावर चार वर्षांनी. माझ्या इंजिनाला काय होतं, ते आठवत नाय."

"म्हणजे स्क्रू असेल तर..."

"तर बाबा बुडाले. काच असेल तर बुडालेल्या माणसानं चार वर्षांनी दुकानात जाऊन खेळणं घेतलं. म्हंजे कुठल्या तरी बंदरात उतरले, नि आमच्याकडे परत आले नाहीत."

"दाजीनंच घेतलं असेल काका."

"दाजी? तो स्वतःच्या पोराला चड्डी घेत नव्हता."

"अहो, पण पुसून बघितलं तर दोन मिनिटांत कळेल!"

"तेच तर," काका म्हणाले. "जगाच्या इंजिनांचं वय सांगितलं. याचं फडकं सोडायची हिंमत नाय झाली. बुडालेले बाप बरे गो. त्यांच्यावर रागावता येत नाय."

ते हॉस्पिटलमध्ये गेले. मी गाठोडं गव्हाच्या डब्यामागे लपवलं आणि रोज रात्री ते तिथंच आहे ना, बघत राहिले.

पण आमच्या सासूबाई! त्यांना घरात काळं पडलेलं पितळ दिसलं की अन्न गोड लागत नाही. पाचव्या दिवशी वाशीहून ऑफिस करून मी घरी आले, तर नवरात्राची आवराआवर झालेली. देवघरात समई, ताम्हण, घंटी लखलखत होती आणि त्यांच्या मधोमध एक छोटं इंजिन, हळद-कुंकू लावलेलं.

"डब्यामागे काळं ठिक्कर पडलं होतं गं," सासूबाई खुशीत म्हणाल्या. "चिंच-मीठ लावून तासभर घासलं. किती वर्षांची घाण ती!"

मी ते उचललं, मागून फिरवलं. शर्टाच्या बटणाएवढी काच होती. आरपार दिसत होतं.

काका दुसऱ्या दिवशी घरी यायचे होते. डॉक्टरांनी बजावलं होतं, टेन्शन अजिबात द्यायचं नाही. आणि मला त्यांच्या बापाचं सगळं कळलेलं! मी निरांजनाची काजळी धरली, लेकीच्या डबीतलं काजळ घेतलं आणि त्या काचेवर थापायला बसले. सासूबाई बघतच राहिल्या. "मी घासायचं आणि या बयेनं माखायचं!" म्हणाल्या. मी तशीच फडक्यात गाठ मारली.

काका आले. बारीक झाले होते. गाठोडं मी त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते नाकाशी नेलं.

"चिंच," म्हणाले.

मी त्यांच्यासाठी खुर्ची ओढली.

"बघितलंस तू?"

स्क्रू होता, असं सांगायचं मी ठरवलं होतं. देवाशप्पथ ठरवलं होतं. पण डोळ्यांत पाणी आलं. काकांनी गाठ सोडली. काचेवरचं माझं काजळ अंगठ्यानं पुसलं. इंजिन ट्यूबलाइटकडे धरलं. मी मोबाइलवर ॲम्ब्युलन्सचा नंबर काढून उभी होते. इतकी भीती मला बाळंतपणातसुद्धा वाटली नव्हती.

इंजिन खाली ठेवून ते म्हणाले, "पन्नासच्या वर वर्षं मी जिवंत माणसाला पिंड देत होतो काय गो?"

मग रडले. आवाज न करता, पंच्यात तोंड घालून. "आईनं कुंकू पुसलं. तशीच गेली," एवढंच दोनदा म्हणाले. मला त्या न बघितलेल्या माणसाचा असा संताप आला की समोर असता तर बोलले असते चार शब्द. मी ते काकांना सांगितलंही.

"नको," ते म्हणाले. "काचेचं महाग असायचं. बिनकाचेचं पण दुकानात असणार. बाबांनी काचेचं घेतलं. घाबरले असतील माझ्यासाठी."

तीन दिवसांनी सर्वपित्री अमावस्या आली. ज्यांच्या जाण्याची तिथी माहीत नसते त्यांचं पान त्या दिवशी वाढतात. सकाळीच काकांनी हाक मारली, वडे तळून दे म्हणून. मी गेले. ओट्यावर केळीची दोन पानं धुऊन ठेवलेली.

"दुसरं कुणाचं? आईंचं?"

"दोन्ही बाबांचीच. एवढ्या वर्षांत आता गेलेच असतील," काका म्हणाले. पंच्यानं पान पुसत होते, माझ्याकडे बघत नव्हते. "तिकडं त्यांनी संसार केला असेल. पोरं झाली असतील. त्यांना कोण सांगणार, बापाचं असं पान वाढायचं असतं म्हणून? त्यांच्या वाटचं मी वाढतो. थोरला मीच ना गो."